सासूबाईंचं विसरणं: मधुमेह-किडनीमुळे की वयामुळे? आणि गोळ्या दोनदा घेतल्या जातात, त्याचं काय करावं?

माडाचीसावली (फोंडा)

सासूबाई ६७ वर्षांच्या. मधुमेह १९ वर्षं, रक्तदाब आहे, किडनी थकलेली (क्रिएटिनिन १.५, ईजीएफआर म्हणजे किडनीच्या गाळण्याचा वेग ३८). गेल्या सात-आठ महिन्यांत विसरणं वाढलंय. जुनं सगळं लख्ख आठवतं, पण सकाळी दहाचं बोलणं अकराला पुसलेलं. आठवण करून दिली की बहुतेक वेळा "हां, हां" म्हणून सापडतं, कधी कधी नाहीच. दिवसभर सारखं नसतं. पहाटे उठल्यावर आणि दिवेलागणीला गोंधळ जास्त, अकरा-बाराच्या सुमारास बऱ्यापैकी ठीक.

गोळ्या: ग्लिमेपिराइड २ + मेटफॉर्मिन ५०० (एकच गोळी, सकाळी आणि रात्री), टेल्मिसार्टन ४० + क्लोरथॅलिडोन १२.५, कोलेस्टेरॉलसाठी अटोरव्हास्टॅटिन १०, ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल, पायांच्या जळजळीसाठी "नसांची गोळी" दोनदा (पट्टीवर प्रेगाबॅलिन ७५, नॉरट्रिप्टिलीन १०, मिथाइलकोबालामिन असं लिहिलंय), झोपेसाठी अल्प्राझोलाम ०.२५. सर्दी झाली की फार्मसीतून आणलेली सर्दीची गोळी.

सकाळी ९ ते ४ घरात फक्त सासरे असतात, त्यांना ऐकू कमी येतं. दोन प्रश्न आहेत. हे आजारामुळे आहे की "वय झालं" म्हणून सोडून द्यायचं? आणि रात्रीची गोळी महिन्यात तीनदा दुबार घेतली गेली, ते थांबवायचं कसं?

गोळीवाला (म्हापसा)

वय ६७ म्हणजे विसरायचं वय नव्हे. ही यादी वाचतानाच चार ठिकाणी पेन थांबलं.

पहिली ग्लिमेपिराइड. किडनी मंदावली की ती आणि तिचे अवशेष शरीरात जास्त वेळ राहतात, त्यामुळे साखर उतरते ती पटकन वर येत नाही. मेंदूला साखरेचा साठा करता येत नाही, म्हणून पहिला फटका लक्ष आणि स्मरण यांना बसतो. पहाटे आणि संध्याकाळी गोंधळ, मध्ये ठीक, हा तुम्ही लिहिलेला नमुना मला म्हणूनच संशयास्पद वाटतो.

दुसरी नसांची गोळी. प्रेगाबॅलिन जवळजवळ पूर्णपणे लघवीवाटे बाहेर जातं. ईजीएफआर ३८ असताना धडधाकट किडनीच्या माणसाच्या साधारण निम्म्या डोसात काम व्हायला हवं. जास्त झालं की झोपाळूपणा, तोल जाणं, शब्द न सापडणं. त्याच गोळीत नॉरट्रिप्टिलीन आहे, जे ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाला अडवतं. नवीन गोष्ट डोक्यात उतरवायला मेंदूला तेच लागतं. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामीनही हेच करतं. म्हणजे सर्दीच्या आठवड्यात दुहेरी मार. नाक वाहत असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब घाला.

तिसरी अल्प्राझोलाम. या गटातल्या गोळ्या रात्री घेतल्या तरी दुसऱ्या दिवसाच्या नोंदी पुसट करतात. पण स्वतःहून एकदम तोडू नका. झोप उडते, थरथर सुटते, क्वचित झटकेही येतात. डॉक्टर ती आठवड्या-आठवड्यांनी थोडी थोडी उतरवतात.

चौथी क्लोरथॅलिडोन, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी. ही सोडियम खाली आणू शकते. १३५ ते १४५ मध्ये असायला हवं. १२५ च्या आसपास गेलं की माणूस सुस्त, अडखळता, विसराळू होतो, आणि एप्रिल-मेच्या घामात हे लवकर घडतं.

शिवाय मेटफॉर्मिन आणि पँटोप्राझोल दोन्ही वर्षानुवर्षं चालली की बी१२ चं शोषण घटतं. तेव्हा डॉक्टरांकडे जाताना एवढ्या तपासण्या विचारा: सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, बी१२, टीएसएच (थायरॉईडची तपासणी), कॅल्शियम, लघवी. गोळ्यांची यादी कागदावर नेऊ नका, पट्ट्याच पिशवीत भरून न्या. कागदावर सर्दीची गोळी कधीच नसते. गुडघ्यासाठी कोणी दिलेली डायक्लोफिनॅकची पट्टी घरात असेल तर तीही पिशवीत टाका, किडनीच्या डॉक्टरांना ती बघायला हवी.

साखरवही (डिचोली)

वरच्याशी सहमत. फक्त पुरावा हवा, आणि तो ग्लुकोमीटरने मिळेल. सात दिवस चार वेळा: उठल्यावर, दुपारच्या जेवणाआधी, संध्याकाळी सहाला, झोपताना. त्यातल्या दोन रात्री तीन वाजता उठून एकदा. आणि सगळ्यात मोलाची पट्टी म्हणजे ज्या क्षणी त्या गोंधळलेल्या दिसतील त्या क्षणीची. वहीत आकड्याशेजारी शेवटचं काय खाल्लं आणि किती वाजता, हे लिहा.

बोट स्पिरिटने पुसण्यापेक्षा पाण्याने धुऊन कोरडं करा. आंबा-फणस कापलेल्या हाताने घेतलं तर आकडा खोटा वर येतो आणि खरी उतरलेली साखर लपते. पट्ट्यांच्या डबीचं झाकण पावसाळ्यात लगेच लावा, दमट हवेने पट्ट्या बिघडतात.

७० च्या खाली आकडा आला की अर्धा पेला पाण्यात तीन चहाचे चमचे साखर (साधारण १५ ग्रॅम). पेढा, चॉकलेट नको, तूप आणि दुधातल्या स्निग्धाने साखर हळू चढते. १५ मिनिटांनी परत मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा. वर आली की पाव किंवा पेजेसारखं काहीतरी पोटात जायला हवं. बेशुद्ध असतील किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८. आणि ग्लिमेपिराइडने उतरलेली साखर एकदा वर आली म्हणजे संपलं असं नाही. काही तासांनी पुन्हा उतरते, किडनीच्या रुग्णात तर दुसऱ्या दिवशीही. त्यामुळे एकदा मोठा झटका आला की दवाखान्यात लक्ष ठेवून घ्यावं लागतं.

१९ वर्षांच्या मधुमेहात घाम आणि थरथर ही सूचनेची चिन्हं बोथट होतात. ६० ला आलेला माणूस नुसता गप्प बसलेला किंवा चिडलेला दिसतो आणि घरचे म्हणतात, "विसरायला लागलीय हो." उपासाचे दिवस वेगळे लिहा. सोमवारी किंवा एकादशीला जेवण सुटतं, गोळी मात्र नेमाने जाते. रात्री निव्वळ पेज आणि वर पूर्ण गोळी, हेही तेच.

एचबीए१सी चांगलं आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. ती दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी आहे. ५५ आणि २५० मिळून सुंदर सरासरी निघते, आणि किडनीच्या आजारात रक्त कमी असेल तर तो आकडाच भरवशाचा राहत नाही. अशा रुग्णात ७ च्या आत आणण्याचा हट्ट बहुतेक तज्ज्ञ धरत नाहीत, ८ च्या आसपास समाधान मानतात.

वाड्यावरचा

ब्राह्मी द्या सकाळ-संध्याकाळ आणि शब्दकोडी सोडवायला लावा. मेंदूला व्यायाम पाहिजे.

गोळीवाला (म्हापसा)

शब्दकोड्याने शब्दकोडी सुधारतात, रात्रीची गोळी घेतली का ते नाही आठवत. ब्राह्मीच्या नावावर मिळणाऱ्या काही औषधांत भस्मं असतात. ईजीएफआर ३८ असलेल्या किडनीवर धातूचा प्रयोग नको. व्यायाम हवाच, पण पायांचा. रोज अर्धा तास चालणं, तेही जेवणानंतर.

माडाचीसावली

बारा दिवसांनी लिहितेय. रात्री तीनचे आकडे ६१ आणि ५८. संध्याकाळी सहाला दोनदा ६६. गोंधळाच्या वेळी घेतलेल्या पाच पट्ट्यांपैकी तीन ७० च्या खाली. सोडियम १३६, टीएसएच ठीक, हिमोग्लोबिन १०.२. बी१२ मात्र १५०० च्या वर आलंय, लॅबच्या कागदावर लाल ठसा. हे जास्त झालं का?

डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची गोळी बंद करून लिनाग्लिप्टिन ५ आणि साधं मेटफॉर्मिन दिलं. नसांची गोळी रात्री एकदाच, आणि साधं प्रेगाबॅलिन. अल्प्राझोलाम उतरवायला घेतलीय. पहाटेचा गोंधळ कमी वाटतोय. पण दुबार गोळीचा प्रश्न तसाच: सात कप्प्यांचा डबा आणला, फोनवर गजर लावला, तरी परवा पुन्हा दोनदा.

गोळीवाला (म्हापसा)

बी१२ च्या लाल ठशाला घाबरू नका. जुन्या नसांच्या गोळीत मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी१२च होतं, तेच रक्तात दिसतंय. खरी पातळी बघायची तर ती गोळी थांबल्यावर काही महिन्यांनी पुन्हा मोजा. २०० च्या खाली म्हणजे कमी, २०० ते ३०० मध्ये संशय. मिथाइलमॅलोनिक आम्ल मोजायला कोणी सांगितलं तर किडनीचा आजार आहे हे आधी सांगा, किडनी मंद असली की ते बी१२ पुरेसं असूनही वाढलेलं येतं.

मेटफॉर्मिन दिवसाला १००० च्या वर जाऊ देऊ नका, आणि ईजीएफआर ३० च्या खाली गेला तर ते बंदच करावं लागतं. लिनाग्लिप्टिनला किडनीसाठी डोस बदलावा लागत नाही आणि एकटी ती साखर फारशी खाली पाडत नाही, म्हणून निवड पटली.

दुबार का होतं? माझा अंदाज: डबा आला, पण जुन्या पट्ट्या घरातच आहेत. गजर वाजतो, त्या उठतात, आणि हाताला जी सवय आहे तिकडे जातात. म्हणजे फ्रिजवरच्या प्लास्टिकच्या टोपलीकडे. डबा कप्प्यात भरलेलाच राहतो, किंवा दोन्हीकडून घेतलं जातं. टोपली आजच रिकामी करा. सगळ्या पट्ट्या कुलपाच्या पत्र्याच्या डब्यात, किल्ली तुमच्याकडे. आणि नावं तपासा. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावाने घरात असतं, तेव्हा माणूस "ही वेगळी" म्हणून दोन्ही घेतो.

हातवळण (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, मडगाव)

सात कप्प्यांचा डबा तुमच्या कामाचा नाही. दिवसाला एकच कप्पा असेल तर सकाळच्या आणि रात्रीच्या गोळ्या एकत्र पडतात आणि कप्पा उघडणं म्हणजे काय, हेच ठरत नाही. ७ × ४ चा घ्या (सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र). नको असलेल्या ओळींवर चिकटपट्टी मारून टाका.

भरायचं काम एकाच माणसाने, ठरलेल्या वारी, दिवसाच्या उजेडात, डॉक्टरांची चिठ्ठी समोर ठेवून. पावसाळ्यात पूर्ण आठवडा भरू नका, तीन-चार दिवसांचंच भरा, पट्टीबाहेर काढलेल्या गोळ्या आपल्याकडच्या दमट हवेत मऊ पडतात. पट्टी कात्रीने कापून गोळी वेष्टनासकट कप्प्यात ठेवण्याची युक्ती पुष्कळ जण करतात. स्मरणाच्या रुग्णात ती अजिबात नको, वेष्टनासकट गिळलेली गोळी अन्ननलिका कापते. आठवड्यातून एकदाची औषधं (व्हिटॅमिन डी ६०,००० सारखी) डब्यात घालूच नका, ती तुमच्या हाताने द्या.

आता गजर. फोनचा नुसता टुणटुण आवाज "काहीतरी करायचंय" एवढंच सांगतो. काय ते आठवायचं काम पुन्हा त्याच डोक्यावर पडतं. तुमचा आवाज ध्वनिमुद्रित करून गजराला लावा: "आई, रात्र. निळ्या डब्यातली गोळी. झाली की झाकण उघडं ठेवा." शेवटचं वाक्य महत्त्वाचं. उघडं झाकण म्हणजे घेतली, बंद म्हणजे बाकी. आठवायचं काहीच नाही, बघायचं आहे. सासऱ्यांना ऐकू येत नसलं तरी दिसतं, तेव्हा तपासायचं काम त्यांना द्या. झाकणं बंद करायची ती फक्त डबा भरताना.

गजरापेक्षा पक्की खूण म्हणजे रोज आपोआप घडणारी गोष्ट. सकाळची गोळी पोदेराच्या (दारोदार येणाऱ्या पाववाल्याच्या) भोंप्याला जोडता येते: पाव घेतला, टेबलावर ठेवला, शेजारी डबा. पण पोदेराच्या सुट्टीच्या दिवशी खूण कोसळते, म्हणून गजर जोडीला हवाच. रात्रीची गोळी पानाशेजारी, पेल्याच्या बशीत. झोपण्याच्या खोलीत नको. रात्री दीडला जाग आली आणि उशाशी गोळी दिसली की ती घेतली जाते. तुमचे तीन दुबार प्रसंग किती वाजता घडले ते बघा.

नवीन जागा शिकवायची पद्धत वेगळी आहे. "डबा कुठे आहे सांगा बघू" अशी परीक्षा घेऊ नका. चुकीचं उत्तर एकदा तोंडातून गेलं की तेच घट्ट बसतं. आधी तुम्हीच सांगा: "गोळ्या कुठे? जेवणाच्या टेबलावर, निळ्या डब्यात." लगेच विचारा. बरोबर आलं की अर्ध्या मिनिटाने, मग एक, दोन, चार, आठ, सोळा मिनिटांनी. मधल्या वेळात दुसऱ्या गप्पा, भाजी निवडणं, काहीही. चुकलं तर न रागावता उत्तर सांगा, त्यांच्याकडून म्हणवून घ्या, आणि आधी जमलेल्या अंतरावर परत या. एका वेळी एकच गोष्ट. ती आठवड्याने न विचारता जमली की पुढची.

आठवण करून दिली की सापडतं, असं तुम्ही लिहिलंय. ते चांगलं आहे, म्हणजे नोंद होते, काढायला वेळ लागतो. अशांना खुणा उपयोगी पडतात. सूचना देऊनही काहीच आठवत नाही असं वाढायला लागलं तर गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) न्यूरॉलॉजी विभागात दाखवा. तिथे ३० गुणांची चाचणी होईल. ती घरात बोलतात त्या भाषेत घ्यायला सांगा, आणि त्या सकाळची साखर मोजून न्या. ६५ साखरेवर दिलेल्या चाचणीचे गुण कोणत्याच कामाचे नाहीत. चष्मा न्या. कानात मळ आहे का तेही आधी बघून घ्या, जे नीट ऐकूच आलं नाही ते विसरलं म्हणून गणलं जातं.

भिंतीवर चिठ्ठ्या लावू नका. चौथ्या दिवशी त्या रंगासारख्या दिसेनाशा होतात. एकच पांढरा फळा, त्यावर फक्त आजचं: वार, तारीख, कोण कधी येणार, जेवण कुठे ठेवलंय. कालचं रात्रीच पुसा. कॅलेंडरवरची तारीख सकाळच्या गोळीबरोबर खोडायची, रात्री नाही. रात्री खोडली तर पहाटे जाग आल्यावर कोणता दिवस चालू, याचा घोळ होतो.

९ ते ४ साठी: गॅसचा रेग्युलेटर बंद करून जा. चहापुरता आपोआप बंद होणारा विजेचा किटली-जग. आवारात बांय (विहीर) असेल तर तोंडावर जाळी, आणि मागच्या दाराला घंटा.

कागदपत्री (पणजी)

एक कोरडा मुद्दा, आत्ताच करण्यासारखा. बँकेचं खातं दोघांपैकी कोणीही चालवू शकेल असं संयुक्त करून घ्या, नॉमिनीचं नाव नोंदवा, एटीएमची मर्यादा कमी करा. मुखत्यारपत्रावर विसंबून राहू नका: देणाऱ्याची समज गेली की साधं मुखत्यारपत्र कायद्याने संपतं, म्हणजे नेमकं लागतं तेव्हाच निरुपयोगी. आणि गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे घर-जमिनीच्या व्यवहारात सहसा नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात. तेव्हा काही करायचं मनात असेल तर त्यांना नीट समजतंय तोवरच.

साखरवही (डिचोली)

आणि हे फळ्याच्या मागे चिकटवून ठेवा. महिन्यांत वाढलेलं विसरणं वेगळं, एका दिवसात आलेला गोंधळ वेगळा. काल ठीक होत्या आणि आज वेळ-जागा कळत नाही, मध्येच झोपेत जातात, असं झालं तर आधी साखर मोजा. साखर बरोबर असली तरी त्याच दिवशी दवाखाना: लघवीचा संसर्ग, सोडियम, किडनी. तोंड वाकडं, एक हात गळालेला, बोबडं बोलणं यांतलं काहीही दिसलं तर थेट १०८, आणि शेवटच्या ठीक कधी होत्या ती वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

माडाचीसावली

दुबार तिन्ही वेळा रात्री एक ते दोनच्या मध्ये, उशाशी ठेवलेल्या पट्टीतून. डबा टेबलावर हलवला, टोपली काढली. अजून एक: चवथीला मुंबई-पुण्याहून अठरा-वीस माणसं येतात. त्या दिवसांत काय करू?

हातवळण (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, मडगाव)

येणाऱ्यांना आधीच फोनवर सांगा: "ओळखलंस का?" असं विचारायचं नाही. समोर येऊन, एकेकट्याने, नाव आणि नातं आपणच सांगायचं: "काकी, मी तुमच्या धाकट्या दिराचा मोठा." दोन मिनिटांनी त्यांचं त्यांना सापडतं. काम काढून घेऊ नका. माटोळीची (गणपतीवरच्या मांडवीची) फळं बांधायला देणं, दूर्वा निवडणं, नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) कडा मुरडणं हे हाताला येतं ते राहिलेलंच असतं. सारणाचं माप मात्र दुसऱ्याकडे. दुपारी एक तास मागच्या खोलीत दार लोटून आडवं व्हायला लावा, गोंगाटात संध्याकाळ लवकर बिघडते.

गोळीवाला (म्हापसा)

आणि पोरं घरात यायच्या आधी कुलपाचा डबा तपासा. बंद झालेल्या ग्लिमेपिराइडच्या उरलेल्या पट्ट्या "पुढे लागतील" म्हणून देवघराच्या खणात असतात. लहान मुलाच्या पोटात ती एक गोळी गेली तरी साखर धोक्याच्या खाली उतरू शकते, आणि कधी कधी कित्येक तास उशिराने. त्या फार्मसीत परत देता येतात का विचारा. घेत नसतील तर पट्टीतून काढून वापरलेल्या चहापुडीत कालवा आणि पिशवी बांधून कचऱ्यात टाका.